ओरडणारा बदलला, तर काय बदललं? डार्क फोर्ट्रेसच्या 'आयडोलॉन'ची गोष्ट

ब्लॅक मेटल, म्हणजे हेवी मेटल रॉकचा एक काळोखा, कर्कश प्रकार, पहिल्यांदा कानावर पडला की बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: हा माणूस एवढा ओरडतोय कशाला? त्यामागोमाग दुसरा: तो म्हणतोय तरी काय, आणि ते कळतं कुणाला? अशा श्रोत्याला सांगून बघा, की अमुक बँडचा तमुक अल्बम महत्त्वाचा आहे, कारण त्यात गायक नवा आहे. तो हसणारच. ओरडणारा एक गेला, दुसरा आला, त्यात एवढं काय?

शंका रास्त आहे, म्हणून तिचं उत्तर जरा सविस्तर देतो. उदाहरणाला डार्क फोर्ट्रेस या जर्मन बँडचा 'आयडोलॉन' हा अल्बम घेऊ. तो २००८ साली सेंच्युरी मीडिया या कंपनीने काढला. आधीचा गायक अझाथॉथ २००७ मध्ये बाहेर पडला होता आणि त्याच्या जागी मोरेआन आला होता. दोन्ही टोपणनावं आहेत. ब्लॅक मेटलमध्ये खऱ्या नावाने वावरणं जवळपास नवखेपणाचं समजतात. अझाथॉथ हा तर एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथाकाराने कल्पिलेला एक आंधळा, बुद्धिहीन देव. मोरेआनचं खरं नाव फ्लोरियान मॅग्नुस मायर, आणि हा गृहस्थ एरवी ऑर्केस्ट्रासाठी संगीत रचतो. त्याच्याकडे नंतर येऊ.

आधी या संगीताबद्दल थोडं, मोजकंच. 'ब्लॅक मेटल' हे नाव व्हेनम या इंग्लिश बँडच्या १९८२ सालच्या अल्बमवरून आलं. स्वीडनच्या बाथरीने आणि स्वित्झर्लंडच्या हेलहॅमर-सेल्टिक फ्रॉस्टने त्याला आकार दिला. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेतल्या विशीच्या आतबाहेरच्या पोरांनी त्याचं आज ओळखलं जाणारं रूप घडवलं: मेहेम, डार्कथ्रोन, एम्परर, इमॉर्टल. याच टोळक्यातल्या काहींनी लाकडी चर्च जाळली, खूनही झाले. त्या बातम्या इतक्या गाजल्या की संगीताबद्दल बोलायचं राहूनच गेलं. ते आज बोलू.

ब्लॅक मेटलची चाल असते गिटारमध्ये. वादक एकाच तारेवर नखी खालीवर इतक्या वेगाने फिरवतो की सुटे ठोके ऐकू येईनासे होतात आणि एक सलग, थरथरता सूर तयार होतो. हिशेब मांडून बघा: मिनिटाला दोनशे मात्रांची लय आणि प्रत्येक मात्रेत चार आघात धरले, तर सेकंदाला तेरा आघात होतात. मागे ड्रमवर तसाच अखंड मारा चालू असतो, त्याला ब्लास्ट बीट म्हणतात. नवख्याला हा सगळा निव्वळ गोंगाट वाटतो, पण कान थोडा सरावला की या झोतातून सावकाश सरकणारी, बहुतेक वेळा उदास अशी एक धून स्पष्ट ऐकू येते. हात वेगाने चालतात, धून मात्र संथ असते. ब्लॅक मेटलची खरी गंमत मला या विरोधात वाटते.

म्हणजे आपल्या भावगीतात किंवा सिनेमाच्या गाण्यात जे काम गायक करतो, ते इथे गिटार करते. मग गायकाकडे काय उरतं? चाल नाही, सुरावट नाही, बऱ्याचदा कळण्याजोगे शब्दही नाहीत. उरतो तो बोलणारा माणूस. हे सगळं कोण सांगतंय, कुठल्या अवस्थेतून सांगतंय, त्याला यातना होताहेत की तो दुसऱ्याला शाप देतोय, की एखाद्या पुरोहितासारखा शांतपणे विधी उरकतोय? श्रोत्याला हे फक्त आवाजाच्या पोतावरून कळतं. म्हणून ब्लॅक मेटलचा गायक मला गायकापेक्षा निवेदक वाटतो. गायक बदलला की चाली त्याच धाटणीच्या राहतात, पण सांगणारा बदलतो. आणि सांगणारा बदलला की गोष्ट तीच राहत नाही.

आता तो आवाज निघतो कसा ते बघू. हा भाग लोकांना सर्वांत कमी माहीत असतो.

आपण बोलतो किंवा गातो तेव्हा घशातले स्वरतंतू हवेच्या झोतामुळे ठरावीक वेगाने मिटतात-उघडतात. पुरुषाच्या साध्या बोलण्यात सेकंदाला साधारण शंभर ते दीडशे वेळा. ही उघडझाप नियमित असते म्हणून आवाजाला सूर असतो, सा लावता येतो. याच स्वरतंतूंच्या थोडं वर मांसल पडद्यांची आणखी एक जोडी असते. त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात. गिळताना किंवा जड वजन उचलताना श्वासमार्ग आवळून बंद करणं हे त्यांचं काम, बोलण्यात ते सहसा पडत नाहीत. मेटलचे गायक हीच जोडी मुद्दाम आत ओढतात, म्हणजे तीही हवेच्या झोतात थरथरू लागते. किंवा मग ते खरे स्वरतंतू सैल सोडून अनियमितपणे कंपू देतात. सकाळी उठल्या उठल्या पहिलं वाक्य बोलताना जो खरखरीत, तुटक आवाज निघतो तो हाच. त्या खरखरीला पोटातून जोरकस आणि मोजून-मापून सोडलेल्या श्वासाचा आधार दिला की ती किंकाळी होते.

जगाला हे अगदीच नवं नाही. सैबेरियातल्या तुवा प्रांतातले गायक आणि तिबेटी भिक्खू जो अतिखर्जातला आवाज लावतात, त्यातही खोटे स्वरतंतू कामाला येतात. तिथे ते खऱ्या स्वरतंतूंच्या निम्म्या वेगाने थरथरतात, त्यामुळे सूर एक सप्तक खाली गेल्यासारखा ऐकू येतो. फरक इतकाच की भिक्खूंना स्थिर सूर हवा असतो आणि मेटलवाल्याला तो मोडायचा असतो.

नीट शिकलेला गायक हे तासभर करूनही दुसऱ्या दिवशी व्यवस्थित बोलू शकतो, कारण ताण घशावर पडत नाही, श्वासावर पडतो. न शिकता नुसतं ओरडणाऱ्याचा घसा मात्र बसतो. घरी प्रयोग करणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा: टोचलं, खवखवलं की तिथेच थांबायचं.

आणखी एक प्रयोग करून बघा, यात धोका नाही. कुजबुजत 'आ' म्हणा, मग तसंच 'ई', मग 'ऊ'. स्वरतंतू जवळजवळ कंप पावत नाहीत, तरी तिन्ही वेगळे ऐकू येतात. 'ई' उजळ आणि पातळ, 'ऊ' काळोखा. हा फरक तोंडाच्या पोकळीच्या आकारातून येतो. मेटलच्या आवाजात सूर गेलेला असतो, त्यामुळे सगळी मदार याच आकारावर असते. स्वरयंत्र वर खेचलं आणि तोंडाची पोकळी आखूड केली की ब्लॅक मेटलची धारदार किंकाळी निघते. स्वरयंत्र खाली नेऊन पोकळी लांबवली की डेथ मेटल या भावंड-प्रकाराची गुरगुर. टाळू, जबडा, जिभेची ठेवण प्रत्येकाची वेगळी, म्हणून दोन गायक एकच ओळ एकाच पट्टीत किंचाळले तरी सरावलेल्या कानाला ते सेकंदात ओळखू येतात.

राहिला शब्द न कळण्याचा प्रश्न. विकृत केलेल्या, म्हणजे डिस्टॉर्शन लावलेल्या गिटारचा आवाज नेमका त्याच पट्ट्यात पसरतो ज्यात आपले स्वर ओळखू येतात. दोन्ही एकमेकांवर चढतात. त्यावर भरपूर घुमारा दिला की उरलेली अक्षरंही एकमेकांत मिसळतात. टिकतात ती व्यंजनं: क, ट, स, प. चांगला गायक या व्यंजनांचा वापर तालवाद्यासारखा करतो. कुठला शब्द रिफच्या, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याच्या, कुठल्या ठोक्यावर आदळवायचा आणि कुठला मुद्दाम अर्ध्या मात्रेने उशिरा टाकायचा, याचा निर्णय त्याचा असतो. नवा गायक आला की हे निर्णय बदलतात, आणि अर्थ न कळणाऱ्या श्रोत्यालाही गाणं वेगळं चालत असल्याचं जाणवतं.

हे सगळं ध्यानात ठेवून लान्ड्सहुटला येऊ. जर्मनीच्या बायर्न (बव्हेरिया) प्रांतातलं, म्युनिकच्या ईशान्येला ईझार नदीकाठी वसलेलं हे जुनं गाव. टेकडीवर ट्राउसनित्स किल्ला आणि खाली सेंट मार्टिन चर्चचा १३० मीटर उंचीचा मनोरा. विटांनी बांधलेला एवढा उंच चर्चचा मनोरा जगात दुसरा नाही. डार्क फोर्ट्रेस १९९४ साली या गावात सुरू झाला. 'अंधारा किल्ला' हे नाव त्या टेकडीवरून सुचलं का, ठाऊक नाही, पण तिथे राहणाऱ्या पोरांना किल्ल्यासाठी लांब बघावं लागलं नसेल. नॉर्वेची लाट जर्मनीत पोचली तो हाच काळ. जर्मनीतल्या या वर्तुळाला एक काळी बाजूही आहे. अ‍ॅब्सर्डसारखे काही बँड उघडपणे नव-नाझी विचारांकडे गेले. डार्क फोर्ट्रेसचा त्या वाटेशी संबंध नाही. त्यांचे विषय मृत्यू, गूढविद्या, मनाचे अंधारे कोपरे आणि पुढे पुढे विश्वाची उत्पत्ती-लय असे राहिले.

बँडला खरी दिशा दिली ती २००१ मध्ये आलेल्या व्ही. सांतुरा या गिटारवादकाने. हा ध्वनिमुद्रणही जाणतो. लान्ड्सहुट परिसरातला वुडशेड हा स्टुडिओ त्याचा. २००४ चा 'स्टॅब वुंड्स' आणि २००६ चा 'सेआन्स' या दोन अल्बमनी बँडचं नाव झालं, आणि दोन्हींवर अझाथॉथचा ठसा होता. त्याची किंकाळी वरच्या टोकाची, ताणलेली, आणि तिच्यात समोरच्याला घाबरवण्यापेक्षा स्वतः कोसळत असल्याचा भाव जास्त. 'सेआन्स' म्हणजे मृतात्म्यांना पाचारण करण्याची बैठक. तो अल्बम ऐकताना असं वाटतं की बैठकीला बसलेल्यांपैकी एकाला झपाटलंय आणि आपण त्याच्याच तोंडून सगळं ऐकतोय.

असा निवेदक निघून गेल्यावर बँडपुढे दोन रस्ते असतात. एक, त्याच्यासारखाच आवाज शोधायचा. दुसरा, वेगळा माणूस आणायचा आणि तो काय करतो ते बघायचं. पहिला सोपा, पण त्यात नवा माणूस जन्मभर जुन्याची नक्कल ठरतो. दुसऱ्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण नॉर्वेच्या मेहेमचं. त्यांचा गायक डेड याने १९९१ मध्ये आत्महत्या केली. त्याने लिहिलेले शब्द गायला त्यांनी हंगेरीहून आत्तिला चिहार याला बोलावलं. चिहारने किंकाळी जवळपास सोडूनच दिली. तो घोगऱ्या, नाटकी, मंत्र पुटपुटल्यासारख्या आवाजात गायला. १९९४ मध्ये अल्बम आला तेव्हा अनेक चाहत्यांनी नाकं मुरडली. आज तोच अल्बम या संगीताच्या शिखरांत मोजतात, आणि मुख्यतः त्या विचित्र आवाजामुळेच.

जर्मनीतही दुसरं उदाहरण आहे. कीलच्या एंडष्टिले या बँडचा इब्लिस गेल्यावर झिंगुल्टुस आला आणि २०११ मध्ये 'इन्फेक्त्सिओन १८१३' निघाला. पण झिंगुल्टुस आधीपासून नागेलफारसारख्या ब्लॅक मेटल बँडांत मुरलेला होता. घरातल्याच माणसाने खुर्ची बदलली, एवढंच. ऐकायला जोरदार, पण समजावून सांगण्यासारखं त्यात फार नाही.

मोरेआनचं तसं नव्हतं. सांतुरा आणि तो नॉनयूक्लिड नावाच्या बँडमध्ये एकत्र होते, त्यामुळे तो अगदी परका नव्हता. पण त्याची घडण निराळी. नेदरलँड्समध्ये स्थायिक झालेला, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात रचनाकार म्हणून काम करणारा, फ्लामेंको गिटार वाजवणारा, आणि ऑर्केस्ट्रासाठी पानंच्या पानं स्वरलिपी लिहिणारा माणूस. असा माणूस माइकसमोर उभा राहतो तेव्हा तो किंकाळीकडेही एक वाद्य म्हणून बघतो. कुठे जाड, कुठे पातळ, कुठे नुसता श्वास, कुठे दोन आवाज एकावर एक चढवायचे, हे त्याच्या डोक्यात आधी मांडलेलं असतं.

'आयडोलॉन' ऐकताना हा फरक पहिल्या काही मिनिटांतच कळतो. 'कोहॉरर' हे गाणं घ्या. इथला आवाज झपाटलेल्या माणसाचा वाटत नाही. जो झपाटतो त्याचा वाटतो. खालच्या गुरगुरीपासून वरच्या किंकाळीपर्यंत तो सहज वरखाली करतो, शब्द जास्त स्पष्ट टाकतो, आणि ओळीच्या शेवटी अझाथॉथसारखा विरत न जाता ओळ कापतो. हेडफोन लावून फक्त ओळींच्या शेवटाकडे लक्ष द्या. 'सेआन्स'मध्ये शेवटचा स्वर लांबतो, फाटतो, घुमाऱ्यात बुडतो. इथे शेवटचं व्यंजन ठोक्यावर बसतं आणि मागे गिटारला जागा मोकळी होते. मला तरी 'आयडोलॉन'चा सगळा नवेपणा त्या मोकळ्या जागेत सापडला. तिथे सांतुराच्या धुनी आधीपेक्षा जास्त ऐकू येतात.

'बॅफोमेट' या गाण्यात टॉम गॅब्रिएल फिशर पाहुणा म्हणून आला आहे. हा तोच माणूस ज्याने हेलहॅमर आणि सेल्टिक फ्रॉस्ट काढले, म्हणजे वर सांगितलेल्या इतिहासाच्या पहिल्या पानावरचा. सांतुरा त्या सुमारास सेल्टिक फ्रॉस्टबरोबर मंचावर गिटार वाजवत होता, तिथून हा धागा जुळला. त्याच वर्षी सेल्टिक फ्रॉस्ट मोडला, फिशरने ट्रिप्टिकॉन सुरू केला आणि सांतुरा त्यातही गेला. नव्या गायकाच्या पहिल्याच अल्बमवर एवढ्या मोठ्या माणसाला बोलावणं हे धाडसच. पाहुणा यजमानाला झाकून टाकण्याची भीती असते. इथे तसं झालं नाही.

मग सगळं चांगलंच झालं का? माझ्या मते नाही. 'सेआन्स'मध्ये जी असहायता होती, जी ऐकताना छातीवर दडपण यायचं, ती 'आयडोलॉन'मध्ये कमी आहे. मोरेआन कधीच पूर्ण कोसळत नाही, त्याचा ताबा सुटत नाही. ज्यांना ब्लॅक मेटल म्हणजे ताबा सुटणंच हवं असतं त्यांना हा अल्बम थोडा हुशार, थोडा थंड वाटतो, आणि त्यांची तक्रार मला पटते. पण बदल्यात बँडला जे मिळालं ते आधी त्यांच्याकडे नव्हतं: लांब पल्ल्याची कल्पना आखू शकणारा लेखक. कारण या संगीतात किंचाळणाराच बहुधा शब्दही लिहितो, आणि गायक बदलला की विषयही बदलतात. शेवटच्या गाण्याचं 'अँटिव्हर्सम' हे नावच बघा. भुताखेतांच्या बैठकीतून निघालेली गाडी विश्वाच्या उलट्या बाजूकडे वळल्याचं लक्षात येतं.

ती गाडी पुढे तशीच गेली. २०१० चा 'यलेम' हे नाव महास्फोटाच्या सिद्धांतातलं, सगळं द्रव्य ज्यातून बनलं त्या आदिद्रव्याचं. २०१४ मध्ये 'व्हेनेरियल डॉन', आणि २०२० मध्ये 'स्पेक्टर्स फ्रॉम दि ओल्ड वर्ल्ड', ज्यात एका गाण्याला रॉजर पेनरोज या गणितज्ञ-भौतिकशास्त्रज्ञाचं नाव आहे. पेनरोजना नोबेल मिळालं तेही त्याच वर्षी, अल्बम आल्यानंतर काही महिन्यांनी. मधल्या काळात मोरेआनने अल्कलॉइड या दुसऱ्या बँडमध्येही गायला-वाजवायला सुरुवात केली. आणि २०१९ मध्ये ट्रिप्टिकॉनने नेदरलँड्सच्या रोडबर्न महोत्सवात मेट्रोपोल ऑर्केस्ट्राबरोबर जो 'रिक्वियम' सादर केला, त्याच्या वाद्यवृंदाच्या मांडणीत त्याचा हात होता. फिशरने ऐंशीच्या दशकात सुरू केलेली आणि अपुरी राहिलेली ती रचना अशी पुरी झाली.

ऐकायची इच्छा झालीच असेल तर क्रम सांगतो. आधी 'सेआन्स'मधलं कुठलंही एक गाणं, मग लगेच 'कोहॉरर'. दोन्ही वेळा शब्द शोधू नका, फक्त कोण बोलतंय ते ऐका. मग 'बॅफोमेट', यावेळी शब्द समोर उघडून, कारण छापील ओळ डोळ्यांपुढे असली की अचानक निम्म्याहून जास्त अक्षरं ऐकू यायला लागतात. आवाज मध्यमच ठेवा. फार वाढवला तर वरच्या पट्टीतली किंकाळी आणि झांजा एक होतात आणि मघाशी सांगितलेली ओळीमागची मोकळी जागा हरवते. 'यलेम' त्याच दिवशी लावू नका. तो लांब आहे, आणि तोवर कान थकलेले असतील.